जनरेटर घ्यायच्या आधी

तालुक्याच्या दुकानात जाऊन ‘घरासाठी जनरेटर हवाय’ म्हटलं की समोरून पहिला प्रश्न येतो, ‘किती केव्हीएचा?’ गिऱ्हाईक अंदाजाने एक आकडा सांगतं, दुकानदार त्याहून एक पायरी वरचा दाखवतो आणि तासाभरात टेम्पो गावाकडे निघतो. दोन पावसाळ्यांनंतर तेच यंत्र गोठ्याच्या कोपऱ्यात बारदानाखाली सापडतं. दोरी ओढून ओढून खांदा भरून येतो, इंजिन काही धरत नाही. यात यंत्राचा दोष क्वचितच असतो. आपल्याकडे लाइट कोणत्या महिन्यात जाते, गेली की किती वेळ येत नाही आणि तेवढ्या वेळात घरात नेमकं काय अडतं, याचा हिशोबच कुणी मांडलेला नसतो. तो मांडला तर पुष्कळ घरांना जनरेटरची गरजच नाही असं निघेल. ज्यांना खरोखर आहे, त्यांनाही दुकानात दाखवलेल्यापेक्षा वेगळाच लागेल.

ही गल्लत होण्याला एक इतिहास आहे. २००५ मध्ये वीज मंडळाचं विभाजन होऊन महावितरण अस्तित्वात आली, आणि पुढची काही वर्षं ग्रामीण महाराष्ट्राने बारा-बारा तासांचं लोडशेडिंग काढलं. त्या काळातली अडचण तुटवड्याची होती. वीज कमी, म्हणून ती वेळापत्रक लावून वाटायची. लाइट कधी जाणार आणि कधी येणार हे पेपरात छापून यायचं, पिठाची गिरणीसुद्धा त्यावर चालायची. बाजारपेठेत पेट्रोलवर सुरू होऊन रॉकेलवर चालणारे छोटे जनरेटर फुटपाथवर धडधडत असत, घरोघरी इन्व्हर्टर शिरले ते याच वर्षांत. एप्रिल २०२२ मध्ये कोळशाच्या टंचाईने तो काळ थोडे दिवस परत आला, तेव्हाही जास्त गळती आणि जास्त थकबाकीच्या फीडरांवर आधी कुऱ्हाड पडली. एरवी आता तुटवडा हे मुख्य कारण राहिलेलं नाही. आता लाइट जाते ती बिघाडाने: फांदी तारेवर पडते, डीओ (खांबावरचा फ्यूज) उडतो, जंप (तारांमधला जोड) तुटतो, डीपी (ट्रान्सफॉर्मर) जळते. बिघाडाला वेळापत्रक नसतं. लोडशेडिंगच्या काळात शिकलेले आडाखे घेऊन आपण बिघाडाच्या काळातली खरेदी करतो, तिथे पैसे वाया जातात.

शिवाय बिघाडही सगळीकडे सारखा नाही.

जुन्नर, संगमनेर किंवा माळशिरसकडे शेतात वस्ती करून राहणारी हजारो कुटुंबं आहेत. गावठाणाचे आणि शेतीचे फीडर वेगळे झाले तेव्हा गावाला चोवीस तासांची सोय झाली. वस्ती मात्र बऱ्याच ठिकाणी शेतीच्याच लाइनवर राहिली. तिथे थ्री फेज आठ तास, तोही कधी दिवसा तर कधी रात्री. उरलेल्या वेळात सिंगल फेज मिळाला तर मिळाला. म्हणजे इथे अंधार रोजचा आहे, ठरलेला आहे आणि गरज तशी थोडीच आहे: चार बल्ब, दोन पंखे, मोबाइल, मुलांच्या अभ्यासापुरता उजेड, आणि ज्या भागात बिबट्या गोठ्यापर्यंत येतो तिथे अंगणातला एक दिवा रात्रभर.

या वस्तीवर पेट्रोलचा जनरेटर म्हणजे शुद्ध उधळपट्टी. दोन केव्हीएचं यंत्र दीडशे वॉटच्या भारावर चालवलं तरी तासाला जवळपास अर्धा लिटर पेट्रोल पितंच, कारण निम्म्याहून अधिक इंधन इंजिन स्वतःला फिरवण्यात घालवतं. रात्री चार तास म्हणजे दोन लिटर, दोनशेच्या वर रुपये, आणि त्या बदल्यात मिळालेली वीज अर्ध्या युनिटहून थोडी जास्त. युनिटला तीनशे रुपयांच्या पुढे गेलो आपण. महिन्याला सहा हजार. चार-पाच महिन्यांच्या या खर्चात चांगला इन्व्हर्टर आणि १५० अँपिअर-तासांची ट्यूब्युलर बॅटरी येते.

त्या बॅटरीचं गणितही एकदा समजून घ्यावं. बारा व्होल्ट गुणिले दीडशे, म्हणजे कागदावर १.८ युनिट. इन्व्हर्टरची गळती आणि बॅटरी पूर्ण रिकामी न करण्याची मर्यादा धरली तर हाती सव्वा युनिट येतं. साधा पंखा ७५ वॉट खातो, बीएलडीसी मोटरचा पंखा तीसेक वॉट, एलईडी बल्ब नऊ. दोन पंखे बदलले तर तीच बॅटरी जवळपास दुप्पट वेळ पुरते. बॅटरी वाढवण्याआधी पंखे बदलावेत, हे इन्व्हर्टरचा दुकानदार सहसा सांगत नाही.

वस्तीवरची खरी अडचण बॅटरी भरण्याची आहे. रिकामी झालेली बॅटरी भरायला दहा-बारा तास लागतात आणि तेवढा वेळ लाइट असेलच असं नाही. असली तर व्होल्टेज दीडशेवर लोळत असतं. इन्व्हर्टरच्या मागच्या बाजूला एक छोटा खटका असतो, एका बाजूला यूपीएस, दुसऱ्या बाजूला साधा मोड. यूपीएसवर ठेवलेला इन्व्हर्टर व्होल्टेज १८० च्या खाली आलं की बाहेरची वीज नाकारतो आणि बॅटरीवर जातो. साध्या मोडवर तो शंभर-एकशेदहा व्होल्टपर्यंत वीज घेत राहतो. ‘नवा इन्व्हर्टर चार्जच करत नाही’ या तक्रारीचं उत्तर अनेकदा त्या खटक्यातच असतं. त्याच्या पुढचा इलाज म्हणजे छपरावर सव्वातीनशे वॉटची दोन पॅनेलं आणि सोलर चार्जर असलेला इन्व्हर्टर. आपल्याकडे उन्हाळ्या-हिवाळ्यात एवढ्या पॅनेलांतून दिवसाला अडीच युनिटच्या आसपास मिळतात. बॅटरी रोज भरते, महावितरण असो नसो.

(बॅटरीत विहिरीचं पाणी घालू नये, डिस्टिल्ड वॉटरच घालावं. चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते, तेव्हा देवघराच्या खालच्या कप्प्यात, समईपासून वीतभर अंतरावर तिची स्थापना करू नये. अशा स्थापना झालेल्या आहेत.)

विदर्भ-मराठवाड्यात गोष्ट निराळी. तिथे कसोटीचा काळ एप्रिल-मेचा. कूलर लागतात, भार चढतो, डीपी जळते, आणि नवी बसेपर्यंत दोन-तीन दिवस सहज जातात. ४४ अंशांत कूलर ही चैन नाही. कूलर, एक पंखा आणि दोन दिवे मिळून तीनशे वॉट धरले तर एक बॅटरी चार तासांत मान टाकते. पण निसर्गाने इथे एक सोय केली आहे: लाइट जाते त्याच महिन्यांत ऊन सर्वांत कडक असतं. किलोवॉटभर पॅनेलं आणि दोन बॅटऱ्या असल्या तर दिवसाचा कूलर थेट उन्हावर चालतो आणि बॅटरी रात्रीसाठी शिल्लक राहते. माझ्या मते या पट्ट्यातल्या घराने जनरेटरचा विचार शेवटीच करावा.

इथे एक मोठा गैरसमज दूर केलाच पाहिजे. २०२४ मध्ये ‘पीएम सूर्यघर’ योजना आली, तीन किलोवॉटला ७८ हजारांपर्यंत अनुदान मिळू लागलं, आणि गावोगावी छपरं निळी होऊ लागली. अनेकांची समजूत अशी की आता लाइट गेली तरी आपलं घर उजळलेलं राहणार. तसं होत नाही. अनुदानात सर्रास बसतात त्या संचांचा इन्व्हर्टर महावितरणच्या तारेशी जोडलेला असतो आणि तारेतली वीज गेली की तो स्वतःहून बंद पडतो. भर दुपारी, छपरावर तीन किलोवॉटचं ऊन असताना घरात पंखा बंद. हा बिघाड नाही, मुद्दाम केलेली रचना आहे. तारेवर काम करणाऱ्या वायरमनला आपल्या छपरावरची वीज लागू नये म्हणून. बिल कमी करायला ती योजना उत्तम; अंधारातून सुटका हवी असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी वेगळी मागावी लागते, तिचे पैसे वेगळे मोजावे लागतात. हे सही करण्याआधी विचारावं.

आणि कोकण. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्याला धडकलं. श्रीवर्धन, मुरूड, मंडणगड, दापोली भागात हजारो खांब आडवे झाले आणि काही गावांत लाइट यायला कित्येक आठवडे गेले. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला समांतर घासून गेलं. ही टोकाची उदाहरणं झाली, पण एरवीही मृगापासून पुढे दोन-दोन दिवस लाइट नसणं आडगावच्या वाडीला नवं नाही. लाइन जंगलातून येते, झाड कुठे पडलंय हे शोधण्यातच वायरमनचा दिवस जातो. नेमक्या याच दिवसांत आभाळ कोंदलेलं असतं, पॅनेलं नावाला उरतात. इन्व्हर्टर पहिल्या रात्री संपतो. इथे मात्र इंजिनाला पर्याय नाही. डिझेल जनरेटर वापरणाऱ्या ग्राहकांनी पाच वर्षांत बॅटरीसह नवीकरणीय ऊर्जेकडे वळण्याचा प्रयत्न करावा, असं केंद्राच्या वीज ग्राहक हक्क नियमांच्या २०२२ च्या दुरुस्तीत म्हटलं आहे. तो मसुदा लिहिणाऱ्यांनी आषाढातलं मंडणगड पाहिलं नसावं.

दोन-चार दिवस लाइट नसली की घर अडतं ते पाण्यावाचून. अंधारात माणूस राहतो; पंप बंद पडला की बायका कळशी घेऊन विहिरीवर जातात, बहुतेक घरांत अजूनही बायकाच. गावची नळयोजनाही पंपावरच चालते, ती त्याच दिवशी थांबते. म्हणून जनरेटर केवढा हवा हे पंपावरून ठरतं, दिव्यांवरून नाही. आणि पंपाची निकड किती हे टाकीवरून. जलजीवन मिशनने माणशी दिवसाला ५५ लिटरचा हिशोब धरला आहे. पाच माणसांना पावणेतीनशे लिटर झाले. दोन हजार लिटरची भरलेली टाकी आठवडाभर पुरते. दावणीला दोन दुभत्या गाई असतील तर त्यांना प्रत्येकी साठ लिटरच्या पुढे लागतं, मग पाच दिवस. पाचशे लिटरची टाकी असलेल्या घराने आधी टाकी मोठी करावी. तिला तेल लागत नाही, आवाज नाही, कार्बोरेटर चोंदत नाही. मोठी टाकी म्हणजे पाण्याची बॅटरीच, आणि तीही पंधरा-वीस वर्षं टिकणारी.

त्यानंतरही जनरेटर घ्यायचा ठरला तर पंपाच्या नेमप्लेटपासून सुरुवात करू. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॉट, पण एक एचपीचा सिंगल फेज पंप प्रत्यक्षात किलोवॉटहून थोडं जास्त ओढतो. सुरू होतानाच्या त्या क्षणाला तर चौपट-पाचपट. जनरेटर गुदमरतो तो याच क्षणाला. शिवाय केव्हीए म्हणजे किलोवॉट नव्हे, साधारण ०.८ ने गुणावं लागतं: तीन केव्हीए म्हणजे २.४ किलोवॉट. एक एचपीच्या पंपाला तीन केव्हीए आणि बोअरमधल्या दीड एचपीच्या सबमर्सिबलला पाच केव्हीए हा अनुभवाने बसलेला ठोकताळा आहे. आधी पंप सुरू करावा, तो स्थिरावल्यावर फ्रिज, मग बाकीचं. गिझर, इस्त्री, इंडक्शन या दिवसांत विसरायचे. पाच एचपीच्या शेतीपंपासाठी घरचा जनरेटर घेण्याच्या फंदात पडूच नये; त्याला थ्री फेज दहा-पंधरा केव्हीएचा संच लागतो आणि ती खरेदी घराची राहत नाही.

खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेला आकडा बहुधा कमाल क्षमतेचा असतो, काही मिनिटांपुरता. सलग चालवायचा आकडा लहान अक्षरात खाली असतो आणि तोच खरा. स्वस्तातल्या यंत्रांत गुंडाळी तांब्याऐवजी ॲल्युमिनियमची असते. गुंडाळी तांब्याची आहे असं बिलावर लिहून घ्यावं.

पेट्रोल की डिझेल? वर्षाकाठी वीस-पंचवीस तासच चालणार असेल तर पेट्रोलचं हलकं यंत्र घ्यावं, दोघांनी उचलून विहिरीवर नेता येतं. पूर्ण भारावर ते लिटरमागे दीड युनिटच्या आसपास देतं. डिझेलचा पाच केव्हीएचा संच चांगल्या भारावर तीन युनिटपर्यंत देतो, म्हणजे इंधनाचा खर्च निम्म्याहून कमी, पण किंमत आणि वजन दोन्ही जास्त. एक गोष्ट मात्र डिझेलच्या बाजूने बोलते: गावातला फिटर. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स पुण्यात १९४६ पासून आहे. त्या घराण्याची एक सिलिंडरची, दीड हजार फेऱ्यांवर ठोकत राहणारी इंजिनं महाराष्ट्राच्या दोन पिढ्यांनी विहिरीवर वापरली. ती उघडता येणारा माणूस दहा मैलांत सापडतो. तीन हजार फेऱ्यांवर किंचाळणाऱ्या स्वस्त यंत्राचा सुटा भाग जिल्ह्याच्या गावीही मिळेल याची खात्री नसते.

पेट्रोलच्या यंत्रांचं एक दुखणं अलीकडे वाढलं आहे. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. कोकणाच्या दमट हवेत टाकीत तीन-चार महिने राहिलेलं पेट्रोल कार्बोरेटर चोंदवतं, आणि नेमकं वादळाच्या रात्री दोरी ओढत बसावं लागतं. हंगाम संपला की टाकी आणि कार्बोरेटर दोन्ही रिकामे करावेत, हंगामात महिन्यातून एकदा पंधरा मिनिटं भार देऊन चालवावा. नुसता रिकामा फिरवून उपयोग नाही. नव्या इंजिनाचं पहिलं ऑइल वीस तासांनी बदलायचं असतं, नंतर शंभर तासांनी. पेट्रोलचा साठा घरी करायचा तर १९३४ च्या पेट्रोलियम कायद्याने विक्रीसाठी नसलेलं ३० लिटरपर्यंत विनापरवाना ठेवता येतं. धातूच्या कॅनमध्ये, चुलीपासून लांब, बिसलरीच्या बाटल्यांत नाही.

आणखी दोन पर्याय उत्साहाने सांगितले जातात. गोबर गॅसवर चालणारा जनरेटर ऐकायला गोड वाटतो, पण घनमीटरभर गॅसमधून दीडेक युनिट मिळतं. दोन घनमीटरच्या घरगुती संयंत्राने वीज केली तर त्या दिवशी चूल पेटवावी लागेल. ट्रॅक्टरच्या पीटीओवर फिरणारा अल्टरनेटर मात्र ट्रॅक्टर असलेल्या घराने विचारात घेण्याजोगा आहे. वेगळं इंजिन सांभाळायला नको, ट्रॅक्टर तर चालूच असतो. चार दिव्यांसाठी चाळीस एचपीचं इंजिन घोंघावत ठेवणं परवडणारं नाही, तासभर पाणी उपसायला परवडतं.

कोकणातल्या घराला मला सर्वांत पटलेली मांडणी म्हणजे इन्व्हर्टर आणि छोटा जनरेटर, दोन्ही. जनरेटर सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास. तेवढ्यात टाकी भरते, बॅटरी बऱ्यापैकी भरते, फ्रिज गार होतो, मोबाइल चार्ज होतात. मधला वेळ इन्व्हर्टर सांभाळतो. दिवसाला तीन लिटर पेट्रोलात घर चालतं. घेताना एक चाचणी दुकानातच करावी: आपला इन्व्हर्टर त्या जनरेटरची वीज घेतो का? फेऱ्या वरखाली होणाऱ्या साध्या जनरेटरची वीज काही इन्व्हर्टर नाकारतात. घरात रात्रभर ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लागणारं माणूस असेल तर हा हिशोब मोडतो. पाच लिटरचा कॉन्सन्ट्रेटर तीनशे-साडेतीनशे वॉट खातो, सलग. तिथे जनरेटर मोठा, बॅटरी दुहेरी, आणि भरलेला सिलिंडर हाताशी.

आता ज्यावर दुकानात कुणीच बोलत नाही ते. पावसात भिजू नये म्हणून जनरेटर पडवीत घेतला जातो, झड आत येऊ नये म्हणून पडवीची ताडपत्री सोडलेली असते, आणि आतल्या खोलीत माणसं झोपतात. इंजिनाच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. डोकं जड होतं, झोप येते आणि माणूस उठत नाही. जनरेटर घरापासून वीसेक फूट दूर, चार खांब आणि वर पत्रा, बाजू मोकळ्या, धुराचं तोंड घरापासून उलट्या दिशेला. हा शेड यंत्राच्या आधी बांधावा. आवाजही (डिझेल संचाला मर्यादा एक मीटरवर ७५ डेसिबल) एवढ्या अंतरावर सुसह्य होतो.

दुसरा धोका त्याहून वाईट, कारण मरतो तो दुसराच. दोन्ही टोकांना पिन लावलेली वायर करायची, एक टोक जनरेटरमध्ये, दुसरं घरातल्या सॉकेटमध्ये. मग सगळं घर एकदम उजळतं. मेन स्विच खाली करायचा राहिला तर हीच वीज मीटरमधून उलटी बाहेर जाते, डीपीत शिरते, आणि जी डीपी ११ हजार व्होल्टचे २३० करते तीच २३० चे ११ हजार करते. तिकडे खांबावर वायरमन चढलेला असतो, लाइन बंद आहे असं समजून. हजार-दोन हजारांचा चेंजओव्हर स्विच बसवला की एका वेळी एकच वीज घरात येऊ शकते. परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून तो आणि स्वतंत्र अर्थिंग करून घेतल्याशिवाय जनरेटर सुरू करू नये. पैसे कमी पडत असतील तर जनरेटर लहान घ्यावा.

एवढं करूनही वर्षाचे तीनशे चाळीस दिवस ते यंत्र उभंच राहणार, हे खरं. म्हणून एकेका घराने घेण्यापेक्षा आठ-दहा घरांच्या वाडीने मिळून पाच केव्हीएचा एक डिझेल संच चाकांवर घ्यावा, या मताचा मी आहे. विहिरींवरून तो फिरवता येतो, प्रत्येक टाकीला पाऊण-एक तास. भांडण डिझेलच्या हिशोबावरून आणि ऑइल कुणी बदलायचं यावरून होतं, तेव्हा तासांची वही आणि एक जबाबदार माणूस आधी नेमावा. तेही जमत नसेल तर मंडपवाल्याशी बोलावं. त्याचे जनरेटर लग्नसराई संपली की चातुर्मासात रिकामे पडलेले असतात, आणि कोकणात लाइट जाते ती नेमकी तेव्हा. भाड्याचा दर मे महिन्यातच ठरवून घ्यावा, वादळाच्या दुसऱ्या दिवशी तो तिप्पट असतो. गणपतीच्या दिवसांत मात्र तो जनरेटर मिळणार नाही, हे धरून चालावं.